लोडर काय म्हणतोय ते वाचा तरी!

सिस्टीम प्रोग्रॅमिंगच्या पेपरात 'लोडरची कार्ये लिहा' हा प्रश्न आला की आख्खा वर्ग खुश. अ‍ॅलोकेशन, लिंकिंग, रिलोकेशन, लोडिंग! चार शब्द, एक आकृती, मार्क खिशात. डोनोव्हन यांचे १९७२ सालचे पुस्तक अजूनही आपल्या पुस्तकयादीत आहे आणि त्यातल्या आयबीएम ३६० वरच्या गोष्टी आपण झोपेतसुद्धा घडाघडा म्हणून दाखवू. मग एक दिवस सुट्टीनंतर लॅब उघडते. मशीन नव्या उबुंटूवर अपग्रेड झालेल्या असतात. आपण आपले नेहमीचे सॉफ्टवेअर सुरू करतो आणि साक्षात लोडर स्क्रीनवर येऊन बोलतो:

'एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज: लिबएसएसएल.एसओ.१.१: कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी.'

आणि त्याला कोणी ओळखतच नाही!

मला खरा राग याचा येतो. ज्याच्यावर आपण पानेच्या पाने लिहून पास झालो, तो समोर उभा आहे, नेमके काय हवे ते नावानिशी सांगतोय, आणि आपण म्हणतो, "गेलं मशीन, फॉरमॅट मार." वाक्य इंग्रजीत आहे म्हणून मुले वाचत नाहीत असे म्हणावे, तर तेही खरे नाही. मी नर्सरीपासून कॉन्व्हेंटमध्ये. (मराठी विभागासाठी लिहितेय म्हटल्यावर आईने आधी माझे ऱ्हस्व-दीर्घ तपासले, मग हसून घेतले.) आमच्यासारखी इंग्रजी शाळेतली मंडळी 'एरर' हा पहिला शब्द बघतात आणि खिडकी बंद करतात. माझी रूममेट मराठी माध्यमातली, ती शब्द न् शब्द वाचते. तिचे सॉफ्टवेअर आधी चालू होते. काय समजायचे ते समजा.

तर मंडळी, या एररवर आपल्याकडे फॉरमॅटच्या खालोखाल लोकप्रिय औषध म्हणजे लिंक. कुठलाही सिनियर खांद्यावर हात ठेवून सांगतो, "अगं, एका ओळीचं काम आहे. १.१ नाहीये ना? ३ आहे ना? मग ३ ला १.१ नावाची लिंक मार. झालं!" माझे म्हणणे एवढेच आहे की हे औषध नाही, ही तक्रार करणाऱ्याच्या तोंडावर लावलेली चिकटपट्टी आहे. का, ते जरा सविस्तर सांगते.

शेअर्ड लायब्ररीला मी मनातल्या मनात सामायिक विहीर म्हणते. सातबाऱ्यावर असते ना, तशी. माझ्या आजोळी एकाच विहिरीवर तीन घरांच्या मोटारी आहेत आणि प्रत्येकाची पाळी ठरलेली आहे. तसेच इथे. एनक्रिप्शनचा कोड एकदाच डिस्कवर, एकदाच मेमरीत, आणि ब्राउझरपासून डेटाबेसपर्यंत सगळे त्याच्यावर पाणी भरतात. प्रत्येक प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये एक यादी असते, मला कोणत्या लायब्ररी लागतात त्याची. प्रोग्रॅम सुरू होताना लोडर ती यादी वाचतो, ठरलेल्या जागी शोधतो आणि जोडून देतो. एखादी सापडली नाही, तर प्रोग्रॅम सुरूच करत नाही आणि वर लिहिलेले वाक्य छापतो.

आता नावाच्या शेवटी जो आकडा आहे त्याकडे बघा. लोकांना वाटते तो नुसता व्हर्जन नंबर आहे, मोठा तो चांगला. तसे नाही. तो शब्द दिल्याचा नंबर आहे. लायब्ररी लिहिणारा म्हणतो, हा आकडा जोपर्यंत तोच आहे तोपर्यंत मी आतमध्ये कितीही दुरुस्त्या करीन, पण तुझ्या प्रोग्रॅमशी ठरलेली बोली मोडणार नाही. फंक्शनची नावे, त्यांना द्यायच्या गोष्टी, स्ट्रक्चरमधली फील्ड्स, सगळे जसेच्या तसे. ज्या दिवशी बोली मोडावी लागेल त्या दिवशी मी आकडा बदलीन. म्हणजे आकडा बदलणे हा प्रामाणिकपणा आहे! आणि आकडा नावातच असल्यामुळे जुनी आणि नवी लायब्ररी एकाच मशीनवर शेजारी शेजारी सुखाने नांदू शकतात.

मग अपग्रेडनंतर जुनी गायब का होते? कारण वितरणवाल्यांनाही मर्यादा आहेत. एप्रिल २०२२ मध्ये उबुंटू २२.०४ आले ते ओपनएसएसएल ३.० घेऊन. १.१ त्यांच्या भांडारातून गेले, आणि ते बरोबरच होते, कारण ओपनएसएसएलवाल्यांनी १.१.१ चा सर्वांसाठीचा आधार ११ सप्टेंबर २०२३ ला संपणार हे जाहीर केलेले होते. भांडारातले सगळे प्रोग्रॅम त्यांनी नव्या लायब्ररीवर पुन्हा कंपाइल करून घेतले. त्यांच्या हिशेबाने जुनीची गरज कोणालाच नव्हती. पण आपण बाहेरून आणून 'ऑप्ट' डिरेक्टरीत टाकलेले सॉफ्टवेअर, पेन ड्राइव्हवरून कॉपी केलेला प्रोजेक्ट, पासआउट झालेल्या कोणीतरी स्वतः कंपाइल केलेले टूल, यांची नोंद पॅकेज मॅनेजरच्या वहीत कुठेच नसते. त्याने बिचाऱ्याने वहीप्रमाणे सफाई केली. अपग्रेडने सॉफ्टवेअर 'बिघडवले' असे आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा मोडते ते वहीबाहेरचे.

आता लिंकेचा जुगाड. तो कधीकधी चालतो, हे मी मान्य करते. चालतो म्हणून तर टिकून आहे. ओपनएसएसएलच्या बाबतीत तो चालतच नाही, कारण त्या लायब्ररीत प्रत्येक फंक्शनच्या नावाला व्हर्जनचा शिक्का असतो. लोडर आत डोकावतो, १.१ चा शिक्का नाही असे बघतो आणि दुसरी एरर देऊन परत पाठवतो. जेपेगची लायब्ररीसुद्धा हुशार आहे. तिथे ६२ नंबरच्या जागी ८० नंबर बसवला, तर सुरुवातीलाच 'राँग जेपेग लायब्ररी व्हर्जन: लायब्ररी इज ८०, कॉलर एक्स्पेक्ट्स ६२' असे तोंडावर सांगते. खरी भीती जिथे असा पहारेकरी नाही तिथे आहे.

समजा आपल्या मेसच्या वहीत रकाने आहेत: नाव, खोली, सकाळ, रात्र. नव्या महिन्यात कोणीतरी नावानंतर मोबाइलचा रकाना घातला. नव्या माणसाला माहीत आहे, तो बरोबर वाचतो. जुना माणूस मात्र सवयीने दुसरा रकाना म्हणजे खोली, तिसरा म्हणजे सकाळ असे वाचत जातो. तो अडखळणारसुद्धा नाही. महिन्याच्या शेवटी बिले चुकीची निघतील एवढेच. स्ट्रक्चरमध्ये मधेच एक फील्ड वाढले की जुन्या प्रोग्रॅमचे अगदी हेच होते. नशीब चांगले असेल तर सेगमेंटेशन फॉल्ट येतो. नशीब वाईट असेल तर प्रोग्रॅम चालतो आणि चुकीचे आकडे देतो.

याची किंमत कोण भरतो ते बघा. आमच्या लॅबमध्ये ११ नंबरचे मशीन आहे. ओपनसीव्ही ही चित्रांवर काम करणारी लायब्ररी उबुंटू २०.०४ वर ४.२ होती, २२.०४ वर ४.५ झाली आणि नावातला आकडाही बदलला. कोणीतरी (कोण ते कळले नाही, आणि मला ते नकोही आहे) रूट पासवर्ड मिळवून सिस्टीमच्या डिरेक्टरीतच ४.२ नावाच्या चार-पाच लिंका मारून ठेवल्या. त्याचे काम भागले, तो गेला. काही महिन्यांनी दुसऱ्याच ग्रुपने आपला प्रोजेक्ट २०.०४ च्या लॅपटॉपवरून कॉपी करून तिथे चालवला. साध्या मशीनवर त्यांना लोडरने तिथल्या तिथे सांगितले असते की ४.२ नाही. दोन मिनिटांत पुन्हा कंपाइल करून मोकळे झाले असते. इथे प्रोग्रॅम सुरू झाला आणि मधेच कुठेतरी कोसळायला लागला. कधी तिसऱ्या फ्रेमला, कधी तीनशेव्या. त्या चौघांनी चार दिवस स्वतःच्या कोडमधले पॉइंटर तपासले. ओरलला एक्सटर्नल सरांनी विचारले, "तुमच्या लॅपटॉपवर चालतं म्हणता, मग इथं का नाही?" उत्तर त्यांच्याकडे नव्हते, आणि असणार तरी कसे? दुसऱ्याच्या सोयीसाठी मारलेल्या लिंकेची शिक्षा त्यांच्या मार्कांना झाली. 'माझं तर चालतंय ना' म्हणणाऱ्यांनी हे जरा ध्यानात घ्यावे. सिस्टीमची डिरेक्टरी ही कोणाच्या एकट्याच्या बापाची नाही, ती सामायिक आहे!

तिसरे औषध तर याहून भारी. नेटवर शोधायचे, कुठल्याशा साइटवरून ती एसओ फाइल उतरवायची आणि टाकायची. (विंडोजवाल्यांनी हसू नये. 'व्हीसीरनटाइम१४०.डीएलएल इज मिसिंग' आल्यावर मायक्रोसॉफ्टचे व्हिज्युअल सी प्लस प्लस रिडिस्ट्रिब्युटेबल टाकायचे सोडून तुम्हीही सुटी डीएलएलच शोधत फिरता.) लायब्ररीतला काही कोड 'मेन' सुरू व्हायच्याही आधी चालू शकतो, हे किती जणांना माहीत आहे? म्हणजे अनोळखी फाइल आत घेतली की प्रोग्रॅम सुरू होण्यापूर्वीच ती तुमच्या नावाने काहीही करू शकते. २९ मार्च २०२४ ला उघड झालेले एक्सझेडचे प्रकरण आठवा. कॉम्प्रेशनच्या साध्या लायब्ररीत, ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये, चोरदरवाजा बसवलेला होता, आणि तो थेट एसएसएचपर्यंत पोचत होता. काही वितरणांत एसएसएच सर्व्हर सिस्टिमडीची लायब्ररी घेतो आणि ती एक्सझेडची घेते, एवढीच वाट पुरली. अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनियरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा संशय आला म्हणून ते सापडले. हे अधिकृत सोर्समधून आलेले होते. मग अनोळखी साइटवरच्या फाइलबद्दल काय बोलायचे!

मग करायचे काय, असे विचाराल. आधी वाक्य वाचायचे. मग 'एलडीडी' ही कमांड त्या प्रोग्रॅमवर चालवायची, ती सगळी यादी दाखवते आणि जे नाही त्याच्यापुढे 'नॉट फाउंड' लिहिते. (प्रोग्रॅम अनोळखी असेल तर एलडीडी नको, कारण काही वेळा ती प्रोग्रॅम खरोखर चालवते. तिथे 'रीडएल्फ मायनस डी' बरी.) एकच नाव अडले आहे की दहा, इथेच अर्धे निदान होते.

कधीकधी लायब्ररी मशीनवर असतेच, फक्त लोडर तिथे बघत नाही. आपण स्वतः कंपाइल करून 'यूएसआर-लोकल-लिब'मध्ये टाकलेली असते आणि 'एलडीकॉन्फिग' चालवायचे राहिलेले असते. लोडर दर वेळी आख्खी डिस्क धुंडाळत नाही, त्याच्याकडे एक तयार कॅश फाइल असते आणि एलडीकॉन्फिग ती नव्याने लिहिते. एक कमांड, काम फत्ते. 'एलडी लायब्ररी पाथ' हे व्हेरिएबल बॅशआरसीमध्ये कायमचे लिहून ठेवायची मात्र फॅशन झाली आहे, ती मला पटत नाही. एका प्रोग्रॅमसाठी लिहायचे आणि त्या शेलमधून सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला भोगायला लावायचे. त्या एकाच प्रोग्रॅमला दोन ओळींची स्क्रिप्ट करून त्यात लिहावे.

फाइल डोळ्यांना दिसतेय, तरीही 'नो सच फाइल' येत असेल, तर ३२ बिटांचा संशय घ्या. जुनी सिम्युलेशनची सॉफ्टवेअर ३२ बिटांची असतात, आपले लिनक्स ६४ चे. प्रोग्रॅम असतो, पण त्याचा ३२ बिटांचा लोडरच मशीनवर नसतो. 'फाइल' कमांड लगेच सांगते. आणि अपग्रेड अर्ध्यात लाइट गेली म्हणून थांबले असेल, तर आधी ते पूर्ण करा, बाकी शोध नंतर. आर्च लिनक्सवाले तर अर्धवट अपग्रेडला आधारच देत नाहीत आणि तसे स्पष्ट लिहूनही ठेवतात.

आकडाच बदललेला असेल आणि सोर्स आपल्याकडे असेल, तर पुन्हा कंपाइल करणे हेच उत्तर. 'मेक क्लीन' करून, नाहीतर जुन्या ऑब्जेक्ट फाइल तशाच चिकटतील. सोर्स नसेल तर थोडा विचार करावा लागतो. वितरणाच्या भांडारात जुनी लायब्ररी वेगळ्या पॅकेजमध्ये अजून ठेवलेली असते का, ते बघायचे. 'लिबटिनफो.एसओ.५' चेच उदाहरण घ्या. एफपीजीएच्या कित्येक टूल्सना ती लागते. २२.०४ पर्यंत ती भांडारातून सरळ मिळायची, २४.०४ मध्ये काढली. आता सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती नाही, सोर्स नाही, भांडारात लायब्ररी नाही, अशा वेळी त्या टूलला कंटेनरमध्ये जुन्या उबुंटूसकट बसवणे मला योग्य वाटते. त्याचे जुने जग त्याला एका डब्यात द्यावे. त्याच्यासाठी सगळे मशीन वाकवू नये.

इथे आमच्यातले एकदोन हुशार म्हणतात, मग सगळ्यांनाच डबे द्या ना! प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या लायब्ररी आपल्याबरोबर आणील, भांडणच मिटले. अ‍ॅपइमेज आहे, फ्लॅटपॅक आहे, स्टॅटिक लिंकिंग तर पहिल्यापासून आहे. मुद्दा बिनतोड वाटतो खरा. स्वतः लिनस टोरव्हाल्ड्स यांनी २०१४ च्या डेबकॉन्फमध्ये हीच तक्रार मांडली होती, की त्यांच्या सबसरफेस या सॉफ्टवेअरचे सगळ्या लिनक्सवर चालेल असे एक पॅकेज करता येत नाही. पण पुन्हा विहिरीकडे चला. गावात साथ आली की ग्रामपंचायतीचा माणूस सामायिक विहिरीत टीसीएल पावडर टाकतो, सगळ्या घरांचे पाणी शुद्ध. प्रत्येकाची खासगी बोअर असेल तर त्याने किती दारे ठोठवायची? एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमध्ये हार्टब्लीड सापडले तेव्हा हेच झाले. १.०.१जी ही दुरुस्त आवृत्ती निघाली, ज्यांनी सामायिक लायब्ररी वापरली त्यांनी एक पॅकेज अपग्रेड करून प्रोग्रॅम पुन्हा सुरू केले. ज्यांनी पोटात स्वतःची प्रत ठेवली होती, त्यांना ती कुठे कुठे आहे हेच आधी शोधावे लागले. डबा आजाऱ्यासाठी ठीक, आख्ख्या गावासाठी नको.

दोष सगळा मुलांवर टाकायचा नाही. लायब्ररी लिहिणारेही जरा जास्तच सहज आकडे बदलतात. करायचे मनात असेल तर होते. लिनक्सवरच्या मुख्य सी लायब्ररीचा आकडा ६ आहे, तो १९९७ च्या सुमारापासून तसाच आहे. आत केवढी उलथापालथ झाली असेल, पण फंक्शनवर व्हर्जनचे शिक्के मारून त्यांनी जुने प्रोग्रॅम चालते ठेवले. (उलट्या दिशेने मात्र चालत नाही. नव्या लॅपटॉपवर कंपाइल करून लॅबच्या जुन्या मशीनवर नेले की 'ग्लिबसी_२.३४ नॉट फाउंड' येते. तिथे जुन्या मशीनवरच कंपाइल करावे.)

आणि कॉलेजनेही दोन गोष्टी कराव्यात असे मला वाटते. सिस्टीम प्रोग्रॅमिंगच्या टर्मवर्कमध्ये एक प्रॅक्टिकल असे ठेवा की छोटी लायब्ररी लिहायची, तिच्यावर प्रोग्रॅम चालवायचा, मग स्ट्रक्चरमध्ये मधेच एक फील्ड वाढवून, आकडा न बदलता, जुना प्रोग्रॅम पुन्हा चालवायचा. चुकीचे उत्तर स्क्रीनवर बघितलेला मुलगा जन्मात सिस्टीमच्या डिरेक्टरीत लिंक मारणार नाही. दुसरी गोष्ट त्याहून सोपी. आपल्या लॅबमध्ये प्रत्येक स्टुलाला, प्रत्येक पंख्याला डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नंबर आहे. पण कोणत्या मशीनवर वहीबाहेरचे काय टाकले, कोणी, कधी, कशासाठी, याची एका ओळीची नोंद कुठेही नाही. मी लॅबच्या मामांना विचारले तर ते म्हणाले, "मॅडम, खुर्ची हलली तर मला विचारतात, सॉफ्टवेअर हललं तर कोण विचारतंय?" अभ्यासक्रम बदलायला बोर्ड ऑफ स्टडीजची मीटिंग लागेल, कबूल. रजिस्टरच्या मागे आठ पाने कोरी आहेत, मी मोजली आहेत.